सुरक्षिततेचे घारपुरे सर

माणसाची किळस यायला तो घाणेरडाच असावा लागतो असं नाही. घारपुरे सर अत्यंत स्वच्छ होते. कोलकात्याच्या मे महिन्यात आम्हा बाकीच्यांचे कपडे पाठीला चिकटलेले असत, तेव्हाही त्यांचा शर्ट नुकताच इस्त्रीवरून उतरल्यासारखा दिसे. नखं कापलेली, दाढी गुळगुळीत आणि बोलणं त्याहून गुळगुळीत. अजूनही कोणी त्यांचं नाव काढलं की मी उठून जाते. लोक विचारतात, "अहो, पण इतका सज्जन माणूस!" हो, त्याच सज्जन माणसाबद्दल सांगते आहे.

माझे मिस्टर रेल्वेत. बदली झाली आणि नागपूरहून आम्ही गार्डन रीचच्या क्वार्टरमध्ये येऊन पडलो. मी पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. केलेली, पण एकामागून एक बदल्यांत ती पदवी ट्रंकेच्या तळाशी गेली होती. त्या वर्षी इथल्या मराठी मंडळींच्या गणपतीला गेले. भाड्याचा हॉल, खुर्च्यांच्या रांगा, समोर मुलांची नाटुकली. पंख्याखालची बरी खुर्ची बघून मी बसणार, तेवढ्यात मागून आवाज आला, "वहिनी, तिथे नको. वर बघा."

वर पाहिलं. पंख्याचा दांडा छताशी हलत होता.

"या, इकडे दाराजवळ बसा. कुठेही गेलं की आधी दार बघायचं, मग खुर्ची." आणि त्यांनी स्वतः खुर्ची उचलून आणून दिली. हे घारपुरे सर. तरुणपणी एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर म्हणून आले आणि इथलेच झाले. आता हावड्याच्या बाजूला एका खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजात औद्योगिक सुरक्षितता विभागाचे प्रमुख होते. मी काय शिकले आहे हे त्यांनी दहा मिनिटांत काढून घेतलं आणि म्हणाले, "मग घरी बसून काय करता? आमच्याकडे पर्यावरण हा विषय सगळ्या शाखांना सक्तीचा आहे आणि शिकवायला कोणालाच नको आहे. या तुम्ही." महिन्याभरात मी कंत्राटावर रुजू झाले. घरी येऊन मिस्टरांना म्हणाले, परक्या गावात असा एखादा आपला माणूस भेटायला नशीब लागतं. हे वाक्य आठवलं की स्वतःच्या तोंडात मारून घ्यावीशी वाटते.

या माणसाला सुरक्षितता कळत नव्हती असं कोणी म्हणू नये. कळत नसती तर मी हे लिहायलाच बसले नसते. अडाण्यावर राग येतो, किळस येत नाही. घारपुरे लाँचने नदी ओलांडायचे तेव्हा लाइफ जॅकेटं टांगलेल्या बाजूलाच उभे राहायचे आणि गर्दी दिसली तर ती लाँच सरळ सोडून द्यायचे. एस्प्लनेडला आम्ही सगळे एकदा जेवायला गेलो, तर मेनूकार्ड उघडायच्या आधी त्यांनी वेटरला मागचा जिना कुठे उघडतो ते विचारलं. वेटरला ठाऊक नव्हतं. मग आम्ही सगळे उठून दुसऱ्या हॉटेलात गेलो. त्यांच्या घरी देवघराशेजारी अग्निशामक नळकांडं होतं आणि निरांजन पाण्याच्या ताम्हनात ठेवलेलं. त्यांच्या पत्नी सुनंदाताई हसत हसत सांगायच्या, "मी फोडणी टाकते तेव्हा हे मागे झाकण घेऊन उभे असतात." कॉलेजातही प्रयोगशाळेच्या दारात पाय ठेवण्याआधी ते खिशातून आपला स्वतःचा गॉगल काढून चढवायचे. कॉलेजचा नव्हे, स्वतःचा. बाकी कोणाच्या डोळ्यांवर काही आहे की नाही, हे मात्र त्यांनी विचारलेलं मला आठवत नाही.

आणि शिकवायचे काय! हेवा वाटावा असं. "देव तारी त्याला कोण मारी, हे खरं आहे," ते हिंदीत समजावून सांगायचे, "पण देवालाही तारायला थोडा वेळ द्यावा लागतो. तो वेळ मिळवून देणं म्हणजे सेफ्टी." पोरं वहीत उतरवून घ्यायची. डोळ्यांच्या अपघाताचा तास तर असा रंगायचा की दुसऱ्या शाखांची पोरं खिडकीत उभी राहायची. सगळ्या वर्गाला ते डोळे मिटायला लावत. "आता समजा डोळ्यात रसायन उडालं. डोळे उघडता येत नाहीत. पाण्याचा नळ कुठे आहे? बोट दाखवा." पोरं मिटल्या डोळ्यांनी दहा दिशांना बोटं दाखवायची. मग हे म्हणायचे, "उघडा डोळे आणि बघा आपापली बोटं." एकच हशा व्हायचा. हसणं ओसरलं की आवाज खाली आणून सांगायचे, पहिली काही मिनिटं म्हणजे डोळा. डॉक्टर नंतर, फोन नंतर, आधी पाणी. जो धावत जाऊन पाणी गाठेल त्याचा डोळा राहील.

त्या तासाला मागच्या बाकावर नेहमी मिताली बसायची. ती आमच्या प्रयोगशाळेची असिस्टंट. पंचविशीची, बारीक अंगाची, वडील गेलेले, घरी आई आणि ही. तिला शिकायचं होतं म्हणून ती काम आटोपून सरांचे तास ऐकायची. माझ्या प्रॅक्टिकलची सगळी तयारी तीच करायची आणि काम करताना सरांची वाक्यं पुटपुटायची. सर तिला देवासारखे.

कॉलेजच्या मान्यतेसाठी सरकारी कमिटी तपासणीला यायची होती. त्याआधीच्या आठवड्यात या माणसाचं दुसरं रूप मी पाहिलं. आमच्या संस्थेचं नदीपलीकडे आणखी एक कॉलेज होतं. तिथून एक टेम्पो आला. त्यात गॅस मोजायची यंत्रं, श्वसनाचे मुखवटे, प्रथमोपचाराच्या पेट्या. लग्नघरी शेजारच्यांची पातेली आणावी तसा प्रकार. महिन्यापूर्वी त्यांच्याकडे कमिटी आली तेव्हा आमचं सामान तिकडे गेलं होतं, असं मला शिबूदांनी सांगितलं. शिबूदा म्हणजे आमचे जुने शिपाई. त्यांना यात काही वावगं वाटत नव्हतं. पूजेला भाड्याने मांडव आणतातच की.

एक वस्तू मात्र विकत आणली होती, आय-वॉश. हिरव्या रंगाचं लोखंडी स्टँड, वर दोन तोंडांचा नळ, बाजूला दांडा. दांडा दाबला की दोन कारंजी उडतात आणि त्यांत डोळे धरायचे. प्रयोगशाळेच्या भिंतीला ते बोल्टने पक्कं बसवलं. वर ठळक पाटी लावली. फक्त पाण्याची लाइन त्या भिंतीपर्यंत आलेली नव्हती. म्हणून भिंतीपलीकडच्या अडगळीच्या खोलीत एक प्लास्टिकचा ड्रम, कँटीनमधला छोटा पंप आणि शिबूदा, अशी तिघांची योजना झाली. भिंतीला भोक पाडून नळी आत घेतली. घारपुरे सरांनी मोठ्याने "प्लीज सर" म्हटलं की शिबूदांनी बटण दाबायचं. याची चार वेळा तालीम झाली आणि दिग्दर्शन स्वतः सरांनी केलं.

कमिटी आली. अध्यक्षांनी दांडा दाबला, सरांनी "प्लीज सर" म्हटलं आणि कारंजी उडाली. अध्यक्षांची बाही भिजली आणि सगळे हसले. दुपारी कमिटीने इलिश माशावर ताव मारला, जाताना संदेशचे डबे घेतले. दुसऱ्या दिवशी टेम्पो परत गेला, पंप कँटीनमध्ये गेला, ड्रम शिबूदांनी घरी नेला. आय-वॉश तेवढं राहिलं, कारण ते काढायचं तर नव्या रंगाचे पोपडे निघाले असते.

मी सरांच्या केबिनमध्ये गेले. "सर, त्याला पाणी कधी जोडणार?"

"वहिनी, पाइप टाकायचा म्हणजे तीन मजले फोडावे लागतील. पुढच्या इन्स्पेक्शनच्या आधी बघू."

"मग तोवर निदान 'बंद आहे' अशी पाटी तरी लावा."

त्यांनी माझ्याकडे प्रेमाने पाहिलं. लहान मुलाने काही बावळट विचारलं की पाहतात तसं. "बंद आहे असं आपणच लिहायचं? मग कोणी विचारलं, लावलंय कशाला, तर काय सांगायचं? राहू द्या. भिंत शोभते आहे."

मी माझ्या वर्गांना सांगितलं, ते शोभेचं आहे, काही झालं तर बाहेर कॉरिडॉरमधल्या बेसिनकडे धावा. मितालीलाही सांगितलं. ती हसली. "सरांनी बसवलंय मॅडम, शोभेचं कसं असेल?" तिने स्वतःच्या डोळ्यांनी त्यातून पाणी उडताना पाहिलं होतं. भिंतीपलीकडे शिबूदा होते हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. मी तेही सांगून पाहिलं, पण माझ्यावर विश्वास ठेवायचा की सरांवर, असा तिला प्रश्नच पडला नाही.

पावसाळ्याच्या शेवटी ती कॉस्टिक सोडा पाण्यात विरघळवत होती. गॉगल नव्हता. नवे कोरे गॉगल होते, पण ते सरांच्या कपाटात, प्लास्टिकच्या पिशव्यांसकट कुलपात. चरे पडले तर पुढच्या कमिटीसमोर काय ठेवणार? द्रावण तापून उसळलं आणि तोंडावर आलं. मी शेजारच्या वर्गात होते. किंकाळी ऐकू आली नाही, लोखंडाचा खटखट आवाज आला. बराच वेळ येत राहिला म्हणून मी बाहेर डोकावले आणि धावले.

मितालीने सगळं बरोबर केलं होतं. डोळे मिटलेले असताना भिंतीला हात लावत ती नेमकी त्या हिरव्या स्टँडपाशी पोचली होती. तोंड नळावर धरून ती दांडा दाबत होती, सोडत होती, पुन्हा दाबत होती. आणि म्हणत होती, "एबार आशबे, एबार आशबे." आता येईल, आता येईल. पाइपात हवा अडकली असेल असं तिला वाटत होतं. मी तिला ओढायला लागले तर ती स्टँड सोडेना. शेवटी दोघा पोरांनी तिचे हात सोडवले आणि आम्ही तिला बेसिनपाशी नेलं. उजवा डोळा वाचला, डावा गेला.

घारपुरे सर इस्पितळात माझ्या आधी पोचले होते. हातात शहाळं. बंगाली ते इतकं गोड बोलायचे की बंगाल्यांनी लाजावं. मितालीच्या आईला 'माशिमा, माशिमा', म्हणजे मावशी, मावशी करत त्यांनी धीर दिला, डॉक्टरांशी बोलले, चांगला बेड मिळवून दिला. ती बाई रडत रडत त्यांच्या पाया पडली. सर तोंडाने "ना, ना" म्हणाले, पण पाय मागे घेतला नाही. त्यांच्या पॉलिश केलेल्या बुटांवर त्या माउलीची बोटं टेकलेली मी पाहिली.

मग ते खुर्ची ओढून मितालीजवळ बसले. तिच्या दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या होत्या. बंगालीत, लेकीला म्हणतात तसं 'मा' म्हणत, अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "गॉगल घातला नव्हतास ना, मा?"

"नाही, सर."

"बस्स. कोणी विचारलं तर जे खरं आहे तेवढंच सांग."

जिन्यात मी त्यांना गाठलं. "सर, आणि पाणी नव्हतं, हे खरं नाही का?"

ते थांबले. कठडा धरल्याशिवाय ते कधी जिना उतरत नसत, तसा कठडा धरून म्हणाले, "वहिनी, शांतपणे विचार करा. त्या घरात कमावणारी ही एकटी. दोष कॉलेजवर आला तर कॉलेज हिला ठेवेल? दोष हिच्यावर आला तर मी रदबदली करून हिची नोकरी टिकवीन. शब्द देतो. आता तुम्हीच सांगा, या पोरीचं भलं कोण बघतंय?"

तिचा एक डोळा घालवून झाला होता आणि उरलेल्याची राखण करतो म्हणून वर उपकार. चोराच्या उलट्या बोंबा म्हणावं तर हा बोंबही मारत नव्हता. लग्नातल्या याद्या ठरवाव्यात इतक्या शांतपणे बोलत होता.

चौकशी समिती बसली आणि अध्यक्ष अर्थातच घारपुरे. मी वेळ मागून घेऊन समितीपुढे गेले आणि ड्रम, पंप, शिबूदा, कुलपातले गॉगल, सगळं सांगितलं. प्राचार्य टेबलाकडे पाहत राहिले. शिबूदांना बोलावलं, तर ते म्हणाले आठवत नाही. निवृत्तीला आलेल्या माणसाला मी काय दोष देऊ? घारपुरेंनी माझं सगळं मध्ये न तोडता ऐकून घेतलं, मला पाणी दिलं आणि बाकीच्यांकडे वळून म्हणाले, "मोकाशी मॅडम फार हळव्या आहेत. त्यांचा विषय पर्यावरण. झाडं, नद्या, चिमण्या. सुरक्षिततेत भावना चालत नाही." दोघेतिघे हसले. निष्कर्ष निघाला, कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा. शिक्षा मात्र नाही, सरांच्या शब्दाखातर. मिताली पुन्हा कामावर आली, काळा चष्मा लावून. सगळं कॉलेज म्हणालं, सरांसारखा माणूस नाही.

त्याच आठवड्यात प्लंबर आला. त्याने गच्चीवरच्या टाकीपासून बाहेरच्या भिंतीवरून एक पांढरा पाइप खाली सोडला आणि खिडकीशेजारून आत घेतला. एकही मजला फोडावा लागला नाही. दुपारच्या जेवणाआधी काम आटोपून तो बिडी ओढत बसला होता. मी बराच वेळ त्या पाइपाकडे बघत उभी राहिले. एका सकाळचं काम होतं हो.

माझं कंत्राट पुढे वाढलं नाही, याचं कोणाला नवल वाटू नये. पुढच्या वर्षीच्या गणपतीत घारपुरे भेटले तेव्हा मिस्टरांशी खांद्यावर हात टाकून बोलले, माझी तब्येत विचारली. मी तोंड फिरवलं, तर मंडळातल्या बायका मलाच म्हणाल्या, "नोकरी गेली म्हणून माणसाशी असं वागू नये गं. तुला लावून दिली होती ती त्यांनीच ना?" सुनंदाताईंनी माझ्या हातात प्रसादाचा द्रोण ठेवला. मी तो तसाच शेजारच्या खुर्चीवर ठेवला.

कॉलेजात शेवटची गेले ती ओळखपत्र परत करायला. नवी बॅच नुकतीच आली होती. सेमिनार हॉलवरून जाताना सरांचा आवाज ऐकू आला म्हणून दारात थांबले. पहिलं व्याख्यान चाललं होतं आणि मंचावर सरांच्या शेजारी मिताली उभी होती.

मला आधी कळेना ती तिथे काय करते आहे. मग सरांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "सांग यांना." मितालीने चष्मा काढला. पुढच्या रांगेतल्या एका मुलीने तोंडावर हात घेतला. मिताली पाठ केल्यासारखं बोलली, "मी गॉगल घातला नव्हता. चूक माझी होती. तुम्ही अशी चूक करू नका." नंतर कळलं की प्रत्येक नव्या वर्गापुढे तिला असं उभं करतात. आता तेही तिच्या कामात धरलेलं आहे.

मधल्या रांगेतल्या एका मुलाने विचारलं, "मग डोळे कुठे धुतले?"

मिताली सरांकडे वळली. सर लगेच म्हणाले, "उत्तम प्रश्न. आपल्याकडे आय-वॉश आहे. तिने धावत जाऊन ते गाठलं, म्हणून तर दुसरा डोळा वाचला." आणि टाळ्या पडल्या.

माझा तोल गेला. मी दारातूनच बंगालीत म्हणाले, "जॉल छिलो ना." पाणी नव्हतं.

सगळ्या माना वळल्या. घारपुरेंच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. ते नुसते मितालीकडे पाहत राहिले, विद्यार्थ्याच्या उत्तराची वाट पाहावी तसे.

मितालीने मान वर केली. तिच्या उरलेल्या डोळ्यात राग होता आणि तो माझ्यावरचा होता. मी कोण? मी उद्या बदलीच्या गावी निघून जाणार. तिला परवाही याच इमारतीत यायचं होतं आणि संध्याकाळी आईसाठी औषध न्यायचं होतं.

"छिलो, मॅडम," ती म्हणाली. "जॉल छिलो." पाणी होतं.

तिने उलट्या हाताने गाल पुसला आणि तोच हात डोळ्याकडे नेला. तेवढ्यात सरांनी तिचं मनगट हळूच धरलं आणि खिशातला घडीचा रुमाल तिच्या हातात दिला. "हाताने चोळू नकोस, मा," ते म्हणाले. "एकच राहिलाय."

मग ते वर्गाकडे वळले आणि पुढचा मुद्दा शिकवायला लागले.